चिंचमळ्याची घट

१

शेवटची गोणी काट्यावरून उतरली आणि शुभांगीने आकडा काढून मला दाखवला. पोरीने कुठेतरी बेरीज चुकवली असं वाटून मी तिला पुन्हा काढायला लावला. आकडा तोच आला. उन्हाळ्यात आमच्या साठवणीच्या चाळीत दोन हजार क्विंटल कांदा भरला होता आणि बाहेर निघाला बाराशे चाळीस. शंभरातला अडतीस कांदा गेला होता.

साठवलेला कांदा घटतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थोडा सुकतो, थोडा सडतो, थोड्याला मोड येतात. शंभरात पंचवीस-सत्तावीस गेले तर कोणी हूं की चूं करत नाही. अडतीस म्हणजे मात्र तीनशे सभासदांच्या घरची दिवाळी गेली.

मी वाल्मिक. घोडेगावात माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि शेजारच्या चिंचमळ्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीत मी संचालक आहे. म्हणजे बैठकीला जातो, सह्या करतो आणि कोणी विचारलं तर मान डोलावतो. आयुष्यात एकदाच हट्ट धरला, तो शुभांगीला व्यवस्थापक नेमताना. कृषी पदवीधर पोरगी, गावातल्याच बुद्धविहारामागच्या वस्तीतली, मुलाखतीत आम्हालाच चार प्रश्न विचारून गप्प करणारी. दोन वर्षं तिने कंपनी नीट चालवली होती.

त्याच दुपारी अध्यक्ष उत्तमराव कार्यालयात आले. हा माणूस बोलतो तेव्हा खिडकीच्या काचा हलतात. पावसानंतर चाळीचे पडदे वर केले नाहीत, कांद्याला हवा लागली नाही, माल सडला, हा त्यांचा निकाल. त्यांचा राग जुना होता. यंदा पितृपंधरवड्यात चाळ फोडायची नाही, म्हणजे कांदा बाहेर काढायचा नाही, असं ठरलं तेव्हा शुभांगी भर बैठकीत म्हणाली होती की कांदा पंधरवडा पाळत नाही. ते वाक्य उत्तमरावांच्या काळजात रुतून बसलं होतं.

"हिला पितर न्हाईत, हिला काय कळायचं?" ते मला म्हणाले. "रविवारी बैठक हाय. तवर राजीनामा आला तर ठीक. न्हाईतर निष्काळजीपनाचा ठराव करून वरच्या कार्यालयाला धाडतो."

तिची बाजू घेतली ती फक्त बिभीषणने. हाही संचालक, दोन मालमोटारींचा मालक, आवाज दुधासारखा मऊ. पंधरवड्यात शुभांगी पाच दिवस राहुरीला प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा चाळीवर लक्ष ठेवण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. मागच्या दोन कप्प्यांतला सडका कांदा स्वतःच्या गाडीने लांब नेऊन टाकला होता आणि कंपनीकडून डिझेलसुद्धा घेतलं नव्हतं.

"पोरीची पयलीच येळ हाय," तो म्हणाला. "घट म्हनून लिवा आन् मिटवा. तिनं आपनहून राजीनामा दिला तर बोभाटा तरी कशाला?"

मला तो भला वाटला. शुभांगीला मात्र ती दया नको होती.

"काका, पाच दिवस सोडले तर मी रोज पडदे उचललेत," ती म्हणाली. "राजीनामा दिला म्हणजे कबूल केलं. एकदा कागदावर निष्काळजी असं आलं की जिल्ह्यातली एकही कंपनी मला दारात उभी करणार नाही. माझ्याकडे बघून आमच्या वस्तीतल्या चार पोरी कृषी कॉलेजला निघाल्यात. त्यांच्या घरचे काय म्हणतील? मी राजीनामा देणार नाही."

रविवारला चार दिवस होते आणि मला मान डोलावण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणून मी संगमनेरची एसटी पकडली.

२

संगमनेरात राजेश्वरी मॅडम राहतात. कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाल्या, पण शिकवण्याची खोड गेली नाही. आमच्यासारख्या कंपन्यांचे संचालक आणि व्यवस्थापक गोळा करून त्या दर शनिवारी ताळेबंद वाचायला शिकवतात. मी त्या वर्गाला चहाच्या आशेने जात असे आणि तिथेच फसलो, कारण गणित सुटेपर्यंत चहा नाही हा मॅडमचा कायदा आहे. माझ्या बाकावर आजवर कप आलेला नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "अडतीस वाईट, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

मी म्हटलं, सगळ्यांनाच कळतं.

"सगळे म्हणजे कोण? नाव सांगा. एकट्या आकड्याला जीव नसतो, वाल्मिकराव. त्याला शेजार लागतो. आधी आपण शेजारी शोधू."

शेजारी त्यांच्या वर्गातच होते. एक प्रवरेकाठची मोठी कंपनी, संगमनेर तालुक्यातली, आठ हजार क्विंटल कांदा भरलेली. दुसरी जामखेडकडची लहान, हजार क्विंटलची. तिघांच्या चाळी एकाच योजनेतून, एकाच नकाशावर बांधलेल्या, आणि तिघांचा कांदाही उन्हाळीच. जामखेडचे आकडे फोनवर मिळाले. प्रवरेकाठी आम्ही मॅडमच्या स्कूटरवरून गेलो. मागे बसून मी रामनाम घेत होतो.

तिथली व्यवस्थापक दिशा मोकळ्या स्वभावाची निघाली. हंगामाचा हिशेब तिने समोर ठेवला आणि मला चिमटा काढला. "यंदा तुम्ही आमच्याआधी बाजारात उतरलात हं. तुमच्या हिरव्या पट्ट्याच्या गोण्या बघून आमचे अध्यक्ष माझ्यावरच चिडले."

आमच्या गोणीवर कंपनीचं नाव आणि हिरवा पट्टा छापलेला असतो. निवडीचा माल अशी तिची ख्याती आहे आणि आडत्यांकडे तिला दोन पैसे जास्त मिळतात. मी मिशीवर हात फिरवला. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता कागद पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी त्या घोडेगावला आल्या. जनावरांचा बाजार भरला होता. कामाचं सोडून मॅडम थेट म्हशींच्या दावणीकडे गेल्या आणि मला म्हणाल्या, एक म्हैस बारा लिटर देते आणि दुसरी नऊ, कोणती घ्याल? मी हसलो. या बाजारात मी लहानाचा मोठा झालो आहे. नुसत्या लिटरवर म्हैस घेईल त्याला लोक वेड्यात काढतील. पेंड किती खाते, कितवं वेत आहे, वासरू पाजून बारा की न पाजता बारा, हे सगळं विचारायला लागतं. बारा लिटरवाली दुप्पट खात असेल तर नऊवालीच बरी.

"मग कंपनीला हेच का विचारत नाही?" मॅडम म्हणाल्या. "दिलं किती ते बघता, खाल्लं किती ते बघत नाही. चला, आता तीन म्हशी दावणीला बांधू."

३

माझ्या दुकानात, युरियाच्या गोण्यांवर कागद पसरून आम्ही बसलो. शुभांगीलाही बोलावून घेतलं.

पहिली ओळ घटीची होती. संगमनेर सव्वीस, जामखेड सत्तावीस, चिंचमळा अडतीस. मी लगेच म्हटलं की आपल्याकडे पाऊस जास्त झाला. शुभांगीने पावसाचे आकडे काढले. संगमनेरला आमच्यापेक्षा जास्त पडला होता. पावसाची सबब तिथेच मेली.

दुसरी ओळ निवडणीच्या मजुरीची. चाळ फोडली की बायका बसून कांदा निवडतात. सडका, काळा पडलेला, मोड आलेला वेचून बाजूला टाकतात आणि चांगला गोणीत भरतात. संगमनेरने त्यावर चार लाख ऐंशी हजार खर्च केले होते आणि आम्ही एक लाख.

"बघा," मी म्हटलं. "आमची शुभांगी किती काटकसरी आहे."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "त्यांचा कांदा तुमच्या चौपट आहे. मोठ्या-लहानांना आधी एका मापात आणा. भरलेल्या प्रत्येक क्विंटलमागे किती पडले?"

मी भागाकार केला. संगमनेर साठ रुपये, जामखेड बासष्ट, आम्ही पन्नास. तरीही मला स्वस्तात काम झाल्याचाच आनंद होत होता. शुभांगी मात्र कागदावर वाकली आणि तिथेच थांबली.

"काका, आपला कांदा जास्त सडला असेल तर निवडायला जास्त वेळ लागायला हवा होता," ती सावकाश म्हणाली. "मजुरी साठाच्या वर जायला हवी होती. ती खाली कशी आली?"

"शाबास," मॅडम म्हणाल्या. "सडका कांदा पायांनी चालत चाळीबाहेर जात नाही. बायकांच्या हातांतून जातो. या कांद्याला बायकांचा हात लागलेलाच नाही."

मी बिभीषणची आठवण करून दिली. मागच्या दोन कप्प्यांतला माल त्याने निवडणीआधीच नेला होता, म्हणून मजुरी वाचली. यात कोडं कसलं? मॅडमना हे पटलं असं मला वाटलं, कारण त्यांनी मान हलवली. मग त्यांनी तिसरी ओळ लिहायला सांगितली. बारदाना.

विकलेल्या शंभर क्विंटलमागे गोण्या किती लागल्या? पन्नास किलोची गोणी, म्हणजे दोनशे लागणार. फाटक्या-तुटक्या धरून संगमनेरला दोनशे पाच, जामखेडला दोनशे सहा. आमची तीन हजार गोण्यांची खरेदी होती, त्यातली एकही शिल्लक नव्हती आणि विकला होता बाराशे चाळीस क्विंटल. मी दोनदा भागाकार केला. दोनशे बेचाळीस.

जास्त गेलेल्या गोण्या साडेचारशेच्या पुढे भरत होत्या, म्हणजे जवळजवळ दोनशे तीस क्विंटल कांदा मावेल एवढ्या. आणि शेजाऱ्यांच्या मापाने आमची जास्तीची घट होती शंभरात बारा, म्हणजे दोनशे चाळीस क्विंटल. दोन वेगळ्या रस्त्यांनी निघालो होतो आणि एकाच फाट्यावर येऊन पोचलो होतो.

"सडका कांदा टाकायला कोणी कोरी छापील गोणी वापरतं का?" मॅडमनी विचारलं. "हा कांदा सडलेला नाही. भरून गेलाय."

शुभांगीने ओढणीने डोळे पुसले आणि लगेच नवा कागद घेतला. मी चहा सांगू का म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, कांदा गेला एवढंच कळलंय, नेला कोणी ते कळलेलं नाही. चहा राहिला.

४

पहिल्यांदा आम्ही भीमाकडे गेलो. भीमा आमचा राखणदार, रात्रभर चाळीवर असतो. त्याच्यावर संशय घ्यायला मला आवडत नव्हतं, पण किल्ली त्याच्याकडे असते. त्याने काहीच लपवलं नाही. उलट बिभीषणचं कौतुक सुरू केलं.

"लई देवमानूस. पंधरवड्यात सकाळच्या तीन खेपा केल्या त्यानं, सोताच्या गाडीत. हमालबी बाहेरून आनलं. मला म्हनला, रातभर जागतूस, जा घरी झोप. गावात घान वास नको म्हनून ताडपत्री बांधून न्हेली बगा गाडी, एकदम आदबशीर."

सडका माल प्रत्यक्ष पाहिला का, असं मॅडमनी विचारलं. भीमा डोकं खाजवत म्हणाला की तो घरी झोपायला गेला होता, येताना फक्त जाणारी गाडी दिसली. बिभीषणरावांनी सांगितलं ते खरंच असणार.

बिभीषणच्या घरी आमचं स्वागत झालं. त्याने चहा मागवला आणि मॅडमनी कप बाजूला सरकवला. सडका कांदा कुठे टाकला या प्रश्नाला त्याने पटकन उत्तर दिलं. माळावर, वरच्या वस्तीच्या कडेला. जनावरांनी आठ दिवसांत फस्त केला, आता तिथे टरफलही सापडायचं नाही. शुभांगीबद्दल तो पुन्हा हळहळला आणि तिला जपून घ्या असं मला सांगितलं. बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हटलं, एवढ्या भल्या माणसावर संशय घेतला तर पाप लागेल. माळावर टरफल नाही म्हणजे त्याच्याविरुद्ध पुरावाही नाही.

"जनावरांनी खाल्ला म्हणाला ना? मग जनावरांना विचारू," मॅडम म्हणाल्या.

चाळीसमोर बनुबाईचं दूध संकलन केंद्र आहे. गावचं आणि वरच्या वस्तीचं सगळं दूध तिच्या काट्यावरून जातं. यंदा दुधाची काही तक्रार आली का, असं मी विचारलं. बनुबाईने कॅन घासता घासता सांगितलं की यंदा बरं गेलं. गेल्या वर्षीच वैताग होता.

"गेल्या वरशी निवडणीचा सडका कांदा वस्तीकडं टाकला हुता. म्हशींनी खाल्ला आन् दुधाला कांद्याचा वास सुटला. डेरीनं कॅन माघारी धाडलं, लई भांडनं झाली. यंदा निवडणीचा माल शुभांगीनं खड्ड्यात पुरला. एकबी कॅन माघारी आला न्हाई."

मी मनात हिशेब केला. गेल्या वर्षी म्हशींनी थोडाबहुत सडका कांदा खाल्ला तरी दुधाला वास येत होता. यंदा बिभीषणच्या तीन गाड्या म्हशींनी फस्त केल्या आणि दुधाला वास नाही. म्हशी खोटं बोलत नाहीत.

आता उरले उत्तमराव. मी त्यांच्याकडे जायला कचरत होतो, कारण सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस तेच होते आणि चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण मला पाठ आहे. पंधरवड्यात चाळ बंद ठेवायचा ठरावही त्यांचाच. चाळ बंद राहिली म्हणून बायका आल्या नाहीत आणि बायका आल्या नाहीत म्हणून चोराला रान मोकळं मिळालं.

मॅडमनी त्यांना एकच गोष्ट विचारली. "गेल्या वर्षी चाळ कधी फोडली होती?"

उत्तमरावांनी बोटांवर महिने मोजले. गेल्या वर्षी पंधरवड्यातच फोडली होती आणि कोणाला काही वाटलं नव्हतं. मग यंदाच का? उत्तमरावांची नजर अंगणातल्या खाटेकडे गेली. ती त्यांच्या वडिलांची खाट होती. म्हातारबाबा दिवाळीनंतर गेले होते.

"वडील गेल्यावरचा पयलाच पंधरवडा हुता," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी प्रथमच ऐकला. "माझ्या ध्येनात नव्हतं. बिभीषननं आठवन केली. म्हनला, आन्नांच्या नावानं एवढं पाळा. मला बरं वाटलं, कुनीतरी माझ्या बापाची आठवन ठेवली म्हनून."

मॅडम उठल्या. रस्त्याला लागल्यावर त्या म्हणाल्या, "कंपनीची तुलना दोघांशी करायची असते, शेजाऱ्याशी आणि तिच्याच गेल्या वर्षाशी. दुसरी लोक विसरतात. आता उद्या बैठकीत हे तुम्ही मांडायचं."

मी हबकलो. मॅडम आहेत की, मी कशाला?

"संचालक तुम्ही आहात. वर्ग माझा, परीक्षा तुमची."

५

रविवारी कार्यालयात पाचही संचालक बसले होते. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर, शुभांगी दाराशी उभी. टेबलावर चाळीची किल्ली होती आणि ठराव टाइप करून तयार होता. घटीचे कारण, व्यवस्थापकाचा निष्काळजीपणा. तिने तो लांबून वाचला आणि नजर हलवली नाही.

मी आकड्यांचे कागद घेऊन उभा राहिलो. टेबलावरचा तो ठराव बघून मला संताप आला आणि संतापाने जीभ मोकळी झाली. मी तीन कंपन्या मांडल्या. घट मांडली, मजुरी मांडली, गोण्या मांडल्या. म्हशींचं दूध सांगितलं. उत्तमराव पहिल्यांदा मध्ये बोलले, नंतर बोलायचे थांबले.

बिभीषण शांत होता. "गोन्यांचं काय घेऊन बसलाय वाल्मिकराव? उंदरांनी कुरतडल्या. आपल्याकडं उंदीर लई."

हा प्रश्न येणार हे मॅडमनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण उत्तर माझं मीच दिलं. "उंदीर संगमनेरातही आहेत आणि जामखेडलाही. ते दोनशे पाचात धरलेत. चिंचमळ्याचे उंदीरच कांदा भरून गोणी शिवतात असं म्हणायचं आहे का?"

एक संचालक खुदकन हसला. बिभीषण हसला नाही. त्याने सूर बदलला, आकडे कसेही फिरवता येतात म्हणाला, गेल्या वीस वर्षांची दोस्ती काढली. मी पुढचा कागद घेतला. त्यावर काहीच लिहिलं नव्हतं, पण बिभीषणला ते दिसत नव्हतं.

"आपण चाळ फोडली घटस्थापनेला," मी म्हटलं. "मग त्याआधीच आपल्या हिरव्या पट्ट्याच्या गोण्या बाजारात कशा उतरल्या? संगमनेरच्या कंपनीच्या अध्यक्षांनी पंधरवड्यातच स्वतः पाहिल्यात. चाळ बंद, गोणी बाजारात."

दिशाच्या त्या चिमट्यावर मी मिशी पिळली होती, तेव्हाच मॅडमना हे कळलं होतं. मला कळायला दोन दिवस लागले. बिभीषणकडे स्वतःच्या साध्या गोण्या काय कमी होत्या? पण छापाला दोन पैसे जास्त मिळतात हे आम्हा कांदेकऱ्यांना रक्तातच ठाऊक असतं, आणि चोरीच्या मालावरही ते दोन पैसे त्याला सोडवले नाहीत. साध्या गोणीत नेला असता तर आमची तिसरी ओळ सरळ आली असती आणि त्याचा माल कोणी ओळखलाही नसता.

उत्तमरावांनी मोबाईल काढला. दिशाकडून आडत्याचा नंबर आम्ही आणूनच ठेवला होता. त्यांनी तो लावला, आवाज मोठा केला आणि पंधरवड्यातल्या हिरव्या पट्ट्याच्या मालाबद्दल विचारलं.

"तुमच्याच संचालकाचा की अध्यक्ष," पलीकडून आडत्या म्हणाला. "बिभीषणरावांनी आणला. कंपनीचा आगाऊ माल म्हणाले. झकास होता, एक कांदा खराब नव्हता."

फोन बंद झाला. बिभीषण पुटपुटला, "घटीत जिरंल असं वाटलं. घट कोन मोजतंय?"

उत्तमराव उभे राहिले. मला वाटलं आता काचा फुटणार. पण ते ओरडले नाहीत.

"माझ्या बापाच्या नावानं?" त्यांनी विचारलं.

पुढचं काम पटकन उरकलं. बिभीषणला संचालकपदावरून काढण्याची कारवाई सुरू करायची, कांद्याची किंमत त्याच्याकडून भरून घ्यायची आणि पोलिसांत तक्रार द्यायची असं ठरलं. तो गेल्यावर उत्तमरावांनी शुभांगीला उद्यापासून कामावर ये असं सांगितलं. त्यांच्या लेखी तेवढ्यात सगळं मिटलं होतं.

शुभांगी दारातून हलली नाही. "त्या कागदावर घटीचं कारण म्हणून मी आहे," ती म्हणाली. "ते आधी खोडा. मग मी येते."

उत्तमरावांनी खिशातलं पेन काढलं. टाइप केलेली ओळ त्यांनी आडवी खोडली, मग आणखी एकदा खोडली. खोडून झाल्यावर पेन तसंच धरून तिच्याकडे पाहिलं. "काय लिवू?"

"घट सव्वीस टक्के," शुभांगी म्हणाली. "बाकीची चोरी."

त्यांनी स्वतःच्या हाताने तसं लिहिलं आणि खाली सही केली. मॅडमनी कोपऱ्यातून मला खूण केली, आता चहा सांगा. बनुबाईकडून दूध आलं. मॅडमनी कप आधी नाकाशी नेला, वास घेतला आणि मग घोट घेतला. माझ्याही हातात कप होता आणि तो मी कमावलेला होता, म्हणून मी सावकाश प्यायलो.

उठताना उत्तमराव शुभांगीपाशी थांबले. माफी मागणं त्यांना येत नाही, आम्ही सगळे ते जाणतो. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"फुडल्या वरशी आन्नांचं पान मी घरी वाढीन," ते म्हणाले. "चाळ कवा फोडायची ते तू बग."

शुभांगीने टेबलावरची चाळीची किल्ली उचलली.